नाका ते चिंच

आमच्याकडे नव्यानं पळायला येणारी मंडळी अक्कलकोट रस्त्यावर एका ठरावीक जागी थांबतात आणि पाणी पितात. तिथं आता सावली नाही, टपरी नाही, बसायला दगडसुद्धा नाही. रुंद केलेला रस्ता, मधला दुभाजक आणि पलीकडे ट्रकांचा वजनकाटा, एवढंच आहे. तरी सगळे थांबतात, कमरेवर एक हात ठेवून बाटली तोंडाला लावतात, आणि मोबाईलमधला आवाज 'काही नाही, चला' म्हणाला की बाटली पट्ट्यात खोचून माघारी वळतात. एकमेकांना सांगतात, हा पाण्याचा थांबा आहे, सरांनी ठरवून दिलाय.

सरांनी असं काही ठरवून दिलेलं नाही. मला ते माहीत आहे आणि मी कुणाला सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं? नाक्यापासून तिथवर येईतो कुणाच्याही घशाला कोरड पडते. सोलापूरचं ऊन सकाळी सकाळीसुद्धा कामावर हजर असतं.

पण आधी आम्ही कोण ते सांगते. आमच्या शहरात कर्णबधिर मुलांची एक निवासी शाळा आहे. त्या मुलांच्या कानाच्या मशिनींसाठी ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या मिळवायच्या आणि देणगीदारांना दिलेल्या शब्दाला जागून पुण्या-मुंबईच्या मॅरेथॉनला पळायचं, असा आमच्यातल्या बऱ्याच जणांचा उद्योग. या लोकांनी आयुष्यात बस पकडण्यापलीकडे पळणं केलेलं नसतं. त्यांना शिकवणारे आम्ही चार-दोन जण. बिनपगारी. घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणारी, असं माझी आई माझ्या तोंडावर म्हणायची, आणि तिचं खोटं नव्हतं.

हे सगळं ज्यांनी सुरू केलं त्यांना आम्ही सर म्हणायचो. ते शिक्षक नव्हते. सरकारी खात्यात जन्मभर फायली सरकवून निवृत्त झालेले. पण आमच्याकडे ज्याच्या गळ्यात शिट्टी तो सर. उंच, काटकुळे, टक्कल झाकायला पांढरी टोपी, आणि पळताना कोपरं अशी बाहेर काढायचे की शेजारून जायची सोय नसे. मी त्यांच्या हाताखाली तयार झाले. माझं विम्याच्या ऑफिसातलं बूड गार खुर्चीतून उठवून त्यांनी मला पळायला लावलं, आणि दोन-तीन वर्षांत इतरांना शिकवायलाही लावलं.

इतर कोच पुढं पळतात. सर कायम शेवटी. जो सगळ्यांत दमलेला, ज्याला रडू यायच्या बेतात आहे, त्याच्या मागं चार पावलांवर सर. ते म्हणायचे, पुढं पळायला नुसते पाय लागतात, मागं पळायला डोकं लागतं. आणि त्या दमलेल्या माणसाला सारखं सांगत राहायचे, "मी मागंच आहे. वळून बघू नका. पुढं बघा." मी पहिल्यांदा दहा किलोमीटर पळाले ते या एका वाक्यावर. मागं कुणीतरी आहे हे कळलं की माणूस थांबत नाही, यात लाजेचा भागही असतो.

आता त्या मोबाईलमधल्या आवाजाचं. आमच्या तुकडीत पाळीवर काम करणारे बरेच. कुणी टॉवेलच्या कारखान्यात, कुणी दवाखान्यात. त्यांना रविवारची सकाळ जमायची नाही. ते आपले वेळ मिळेल तसे एकेकटे पळायचे, आणि एकटा माणूस एक तर उधळतो नाही तर रेंगाळतो. मग सरांनी एक युक्ती काढली. मोबाईल हातात धरून ते जुन्या जकात नाक्यापासून निघाले, आमच्यातल्या सगळ्यांत हळू तुकडीच्या चालीनं, आणि वाटेतलं एकेक बोलून दाखवत एका मोठ्या चिंचेपर्यंत जाऊन माघारी आले. ते सगळं रेकॉर्ड झालं. तुम्ही नाक्यावर उभं राहायचं, रेकॉर्डिंग लावायचं आणि त्याच्याबरोबर निघायचं. आवाज म्हणतो 'डावीकडे पेट्रोल पंप', तेव्हा पंप यायला हवा. पंप आधी आला तर तुम्ही घाई करताय. आवाज आधी आला तर तुम्ही मागं पडताय. घड्याळ बघायची गरजच नाही.

रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या बुटांचा आवाज आहे. श्वास आहे. कुत्र्याला हाड केलेलं आहे. एका ठिकाणी ते कुणाला तरी 'रामराम' म्हणतात. आणि चिंचेपाशी पोचल्यावर म्हणतात, "चिंच आली. इथून वळायचं." मग बुटांचा आवाज थांबतो. नुसता श्वास ऐकू येतो, तोही नीट लागत नसलेला. एक ट्रक जातो. परत श्वास. बराच वेळ. मग घसा खाकरून ते म्हणतात, "काही नाही. चला. मी मागंच आहे." आणि बूट पुन्हा वाजायला लागतात.

तेव्हा आम्हाला कुणालाही त्यात काही वाटलं नाही. माणूस वळताना थांबतो. आपण सगळेच थांबतो.

पुढच्या महिन्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यानंतर पहिल्यांदा मी ते रेकॉर्डिंग लावून पळाले, चिंचेपाशी आले, आणि आवाज थांबल्यावर रस्त्याच्या कडेला मटकन बसले. तो श्वास कशाचा होता ते मला त्या क्षणी कळलं. आणि दुःखाच्या आधी मला त्यांचा राग आला, हे खरं ते सांगते. आम्हाला प्रत्येकाला 'छातीत जरा जरी दुखलं तर थांबायचं, डॉक्टर गाठायचा, लाजायचं नाही' असं बजावणारा हा माणूस. स्वतः मात्र 'काही नाही, चला'.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या रस्त्यावर त्या आवाजाबरोबर पळून बघा. त्यांची पावलं आणि तुमची पावलं काही वेळ एक पडतात, मग हळूहळू सुटतात. सुटली की सरळ सरळ मागं कुणीतरी येतंय असं वाटतं. मी वळून बघितलंय. एकदा नाही, कितीदा तरी. मागं फटफटीवर दूधवाला असायचा, नाही तर कुणीच नसायचं. नव्या तुकडीतल्या एका मुलीनं मला एकदा विचारलं, "मॅडम, हे सर रविवारी येतात का? मला त्यांना सांगायचंय, पंपाच्या पुढं जरा हळू चला म्हणून." सर आता नाहीत हे मी तिला सांगितलं. त्यानंतर ती आठवडाभर आलीच नाही.

रेकॉर्डिंग काढून टाकावं असं आमच्यातले काही जण म्हणाले. मी म्हणाले, टाका. पण टाकलं कुणीच नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो, पण खरं सांगायचं तर आमची ओळख त्यांच्यापेक्षा त्यांच्या डब्याशी होती. लांब पळण्याच्या दिवशी सर स्टीलच्या डब्यात शेंगापोळीचे तुकडे आणायचे. बाकीचे लोक ती शहरातली ताकदीसाठीची महागडी जेलची पाकिटं चोखतात. आमची मंडळी शेंगापोळीवर पळायची, आणि मी तर निम्मी त्यासाठीच पळायचे. वहिनी स्वतः कधी आल्या नाहीत. सर गेले त्या आठवड्यात डबा माझ्याकडेच राहिला होता. तो परत करायचं मी महिनोन् महिने टाळलं. शेवटी एका रविवारी, रिकामा डबा देऊ नये म्हणून पेरू भरून घेऊन गेले.

वहिनी मूळच्या अक्कलकोटच्या बाजूच्या. घरात दोघांचं बोलणं कानडीत, आमच्याशी मराठी. ठेंगण्या, गोल, गुडघे दुखतात म्हणून भिंतीला धरून चालणाऱ्या. पेरू काढून ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "ताई, ह्यांचा आवाज तुमच्याकडं हाय म्हणं?"

मी मोबाईल हातात घेतला.

"माझ्याकडं न्हाय," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या सीड्या हायत पोरांच्या, त्यात हे कुटं बोलायलेत? जुना फोन बिघडला, त्यात होतं ते गेलं. फोटू हायत. फोटूला काय आवाज असतोय?"

मग मी ओट्यावर मोबाईल ठेवला आणि लावलं. स्वयंपाकघरात सरांचा आवाज घुमला. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत. थोड्या वेळानं पदर काढून म्हणाल्या, "मराठीत बोलायलेत. परक्यावानी वाटायलंय." मग आलं ते वाक्य, 'मी मागंच आहे, वळून बघू नका.' वहिनींनी माझ्याकडं बघितलं.

"तुमच्या मागं असायचे?"

"हो. सगळ्यांच्या मागं."

"अय्य," त्या म्हणाल्या. "माझ्या तर जल्मभर पुढं. बाजाराला निघालो की हे ढांगा टाकत पुढं, मी पिशव्या घेऊन मागनं. किती हाका मारायची. वळून बघतील तर शपथ." हे त्या हसत बोलल्या. मला मात्र आपल्या वाट्याला आलेलं काहीतरी दुसऱ्याच्या ताटातलं होतं असं वाटलं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. 'चिंच आली. इथून वळायचं.' आणि मग तो श्वास. मी हात पुढं करायच्या आत वहिनींनी माझं मनगट धरलं. ट्रक गेला. परत श्वास. 'काही नाही. चला.'

"हितं काय झालं?"

"पाणी प्यायले असतील," मी म्हणाले.

"हे पळताना पाणी पीत न्हवते. घरी येऊन तांब्याभर प्यायचे, उभ्यानं. मी वरडायची बसून प्या म्हणून." त्यांनी माझं मनगट सोडलं. "हितं कळ आली त्यांना."

वहिनी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला ती दुपार सांगितली. सर आतल्या खोलीत पडले होते. त्या इथंच, याच ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. रविवारच्या डब्याच्या. मधे फक्त भिंत. पोळ्या झाल्या, ओटा पुसला, चहा ठेवला, आणि मग हाक मारायला गेल्या. "तवा बी मी न्हवते त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या, "आन् ह्या चिंचेपाशी बी न्हवते. एकटेच हुभारले. ताई, मला तितं जायचंय. हे थांबतेत तवा मला तितं असायचंय."

यात अवघड काय, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागं बसवून त्यांना चिंचेपाशी नेलं. झाड होतं तेव्हा. बुंध्याला अर्धवट फुटलेला सिमेंटचा पार. आम्ही पारावर बसलो, मी रेकॉर्डिंग पुढं सरकवून नेमक्या जागी आणलं आणि मोठ्यानं लावलं. 'चिंच आली.'

समोरच्या वजनकाट्याच्या खोलीतून रखवालदार लगबगीनं बाहेर आला. रस्ता ओलांडून आमच्यापर्यंत आला आणि इकडं तिकडं बघत म्हणाला, "सर कुटं हायत? लई दिसांनी आवाज आला." मोबाईलमध्ये तेव्हा नुसता श्वास चालू होता. मी त्याला सांगितलं. तो डोक्याचं मुंडासं काढून तिथंच उभा राहिला आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत गेला नाही.

परत येऊन घराशी उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "असं न्हाय चालायचं. आपण गाडीवर बसून गेलो. वारा खात. ते पळून, दमून आले होते. मी दमले न्हाय तर मला काय कळणार? मला बी नाक्यावरनं यायचंय. त्यांच्या संगट. ते थांबतील तवाच मी पोचायची, आधी न्हाय, मागनं न्हाय."

मी त्यांचे गुडघे बघितले, चपला बघितल्या, साडी बघितली. वहिनींचं वय तेव्हा साठीला टेकलेलं. साखरेची गोळी चालू. मी कोच आहे, माझं काम लोकांना 'जमेल' म्हणायचं आहे. मी म्हणाले, "नाही जमणार."

"तुमास्नी जमलंच की," त्या म्हणाल्या. "तुमी काय लई बारीक होता व्हय?"

डॉक्टरचा होकार मिळेपर्यंत मी हात लावणार नाही असं सांगितलं. त्यांनी डॉक्टर गाठला. हळू सुरू करा, असं त्यानं सांगितल्यावर मला पळवाट उरली नाही. आमचा नियम असा की तुकडीत यायचं तर शाळेच्या नावानं यायचं. वहिनी त्यालाही तयार. नातेवाइकांकडं गेल्या. नणंदेनं देणगी दिली ती 'हे घे आणि गप घरात बस' म्हणून. वहिनींनी ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर हजर झाल्या, जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस आपल्याकडंच बघतोय अशी त्यांची खात्री. मी म्हटलं, बघू देत, त्यांना कुठं पळायचंय.

शिकवायची आमची पद्धत साधी आहे. थोडं पळायचं, थोडं चालायचं, आणि पळताना एक वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तुटलं की चालायचं. वहिनी ते वाक्य कानडीत बोलायच्या, त्यामुळं तुटलं की नाही हे मला कळायचं नाही. नंतर कळलं की त्या नवऱ्याला बोल लावत असायच्या. कानात काही घालून घेणं त्यांना आवडेना, कान बंद झाल्यावर जीव घाबरतो म्हणाल्या. मग मोबाईल कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवला, आवाज पूर्ण मोठा. पहाट फुटताना त्या रस्त्यावरून एक ठेंगणी बाई चाललेली आणि तिच्या छातीतून एका गेलेल्या माणसाचा आवाज येतोय. मी तिच्या मागं.

सुरुवातीला सर फार लवकर पुढं निघून जायचे. आम्ही अजून नाक्याच्या उतारावरच आणि आवाज म्हणतोय, डावीकडे पेट्रोल पंप. आम्ही पंपावर पोचेपर्यंत चिंच येऊन, तिथं थांबून, ते माघारी निघालेले असत. समोरून येताना दिसतील की काय असं वाटायचं. मी तर खरोखर समोर बघायची. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बघा. गेले पुढं. म्हटलं न्हवतं?"

महिने गेले. नखं काळी पडून गळाली. काखेत घासून कातडी सोलली, तिला व्हॅसलीन लावायला मी शिकवलं. गुडघ्यांना मांडीच्या ताकदीचा आधार लागतो, म्हणून त्या टीव्हीसमोर खुर्चीवरून उठबस करायला लागल्या. साखर उतरली. पंपाशी पोचायची आमची वेळ आवाजाच्या जवळ जवळ यायला लागली. एके दिवशी 'डावीकडे पेट्रोल पंप' आणि पंप एकदमच आले. वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू गर्दीत कुणाचा हात सापडला.

त्याच सुमारास चिंचेच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा आला. पुढच्या झाडावर पुढचा आकडा. रस्ता रुंद व्हायचा होता. कधी ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. वजनकाट्याचा रखवालदार म्हणाला, "पलीकडची बाजू झालीया. आता हिकडं यायलेत. आठवडा म्हना, न्हाय तर पंधरवडा." झाड गेलं की 'चिंच आली' या शब्दाला अर्थच उरणार नव्हता. मी वहिनींना म्हटलं, दोन दिवस सुट्टी घ्या, पाय ताजे करा आणि मग एकदाच नीट प्रयत्न करू. त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी घाईनं निघाल्या, पंप आवाजाच्या आधी गाठला, आणि पुढच्या चढावर पोटरीत गोळा येऊन रस्त्यावर बसल्या. छातीवरच्या पिशवीतून सर म्हणाले, "मी मागंच आहे. वळून बघू नका." आणि वहिनी ढसाढसा रडल्या. नवरा गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघत होते. मी पोटरी चोळत बसले. आवाज बंद करायचं मला सुचलं नाही, त्यामुळं चिंच, श्वास, सगळं तिथंच रस्त्याच्या कडेला होऊन गेलं.

"त्यांनी बी असंच बसायचं होतं," त्या नंतर म्हणाल्या. "बसले असते तर काय बिघडलं असतं?"

मग मात्र दोन दिवस त्या गप घरी बसल्या. मी कामावर जाता येता चिंचेकडं चक्कर मारायची, उभी आहे ना बघायला. शेजारचं झाड पडलं होतं. त्याच्या फांद्या ट्रॉलीत भरत होते.

त्या सकाळी आम्ही दोघीच होतो. वहिनींनी नाक्यावर पिशवीतला मोबाईल चालू केला. 'चला, सावकाश.' निघालो. मी माझ्या जागी, चार पावलं मागं. 'कुत्र्याकडं लक्ष देऊ नका', आणि कुत्रं होतं, दुसरं असेल, पण होतं. पंप वेळेवर आला. चढावर वहिनींनी ठरल्याप्रमाणं चालायला घेतलं आणि आवाज थोडा पुढं गेला. उतारावर त्यांनी ते अंतर भरून काढलं. त्यांच्या बुटांचा आवाज आणि सरांच्या बुटांचा आवाज एकावर एक पडायला लागला, इतका की मला एकच माणूस पळताना ऐकू येत होता. सर 'रामराम' म्हणाले. वहिनीही म्हणाल्या, समोर कुणी नसताना.

चिंच दिसली. उघडी पडलेली, आजूबाजूची झाडं गेलेली. वहिनींनी पाय उचलला. मला ओरडावंसं वाटलं, घाई नको, पण मी तोंड मिटून धरलं. त्या आवाजाच्या जराशा आधी पोचल्या. बुंध्याशी वळून उभ्या राहिल्या, तोंड नाक्याच्या दिशेला, धापा टाकत, वाटेकडं डोळे लावून. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या बाजूनं, माझ्या पलीकडं बघत होत्या. मी आपोआप कडेला झाले.

"चिंच आली," सर म्हणाले. "इथून वळायचं."

बूट थांबले. तो श्वास सुरू झाला. वहिनींचाही श्वास तसाच, तुटका, फुगलेला, आणि दोन्ही मिसळून गेले. मोबाईलमधला तो ट्रक गेला. रस्ता तेव्हा रिकामा होता. वहिनींनी दोन्ही हात पिशवीवर ठेवले आणि कानडीत म्हणाल्या, "स्वल्प कुंड्री." थोडं बसा. परत एकदा म्हणाल्या, समजूत काढल्यासारखं, आवाज न चढवता. मग त्या स्वतः फुटक्या पारावर बसल्या आणि बसूनच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा मी कधी बघितला नव्हता इतका शांत होता. समोर रखवालदार दाराशी आला होता. तो या वेळी रस्ता ओलांडून आला नाही.

घसा खाकरल्याचा आवाज आला. "काही नाही. चला. मी मागंच आहे."

वहिनी उठल्या. ओढणीनं तोंड पुसलं, गाठ परत आवळली, आणि माघारी नाक्याच्या रस्त्याला लागल्या. हळूहळू, पण पळतच. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. ज्यांच्या मागं जन्मभर पिशव्या घेऊन चालल्या, ते आज मागं होते, आणि वळून बघू नका असं त्यांनीच सांगितलेलं होतं.

मी शेवटच्या पळणाऱ्याला कधी चार पावलांपेक्षा पुढं जाऊ देत नाही. तसं सरांनीच शिकवलंय. त्या दिवशी मी चिंचेपाशी थोडी थांबले, वहिनी आणि माझ्यात एका माणसाला पळता येईल एवढी जागा होऊ दिली, आणि मगच निघाले.